बंदुकीकडून दुर्बिणीकडे : डॉ. सलीम अली

सुट्टीच्या दिवशी सकाळी मुंबईतील राणीच्या बागेत, बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात किंवा पुण्याच्या वेताळ टेकडीवर काही माणसे हलक्या पावलांनी फिरताना दिसतात. कोणाच्या गळ्यात दुर्बीण असते, तर कोणाच्या खांद्यावर लांब भिंगाचा कॅमेरा. तांबटाची टुकटुक कानी आली की ती थबकतात, पानांच्या गर्दीत नजर रोवतात. छायाचित्र टिपले जाते, पक्षी ओळखण्याचे पुस्तक चाळले जाते, वहीत नाव नोंदले जाते आणि पक्षी मात्र आपल्या फांदीवर सुखरूप राहतो. ही अखेरची गोष्ट आज इतकी स्वाभाविक वाटते की, तिच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. परंतु शंभरेक वर्षांपूर्वी याच शहरात पक्षी खात्रीने ओळखावयाचा, तर बहुधा तो आधी मारून हातात घ्यावा लागे. त्याची पिसे मोजली जात, चोचीची लांबी घेतली जात असे आणि मगच त्याचे नाव ठरत असे. सामान्य नागरिकाच्या हातातली बंदूक जाऊन तेथे दुर्बीण आली, त्या स्थित्यंतरात ज्या एका मुंबईकराचा वाटा सर्वांत मोठा आहे, त्याचे नाव डॉ. सलीम अली. त्यांच्या पक्षिप्रेमाचा आरंभही बंदुकीच्या छर्ऱ्यानेच झाला होता, हा या जीवनकथेतील मोठा विशेष होय.

सलीम मोईझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले आणि तिसऱ्या वर्षी आईचे छत्रही हरपले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांना अपत्य नव्हते. त्यांनी या पोरक्या मुलांना आपल्या घरी नेले आणि मायेने वाढविले. हे घर खेतवाडीत होते. भोवती गजबजलेली वस्ती, पदरी घोडागाडी आणि तबेला, घरात नातलगांचा राबता असे ते सुखवस्तू वातावरण होते. मामा स्वतः शिकारीचे शौकीन होते आणि त्या काळातील प्रतिष्ठित घरांत शिकार हा पुरुषी छंदच मानला जाई. त्यामुळे लहानग्या सलीमच्या हाती छर्ऱ्याची खेळण्यातील बंदूक आली, यात नवल असे काही नव्हते.

या बंदुकीचे पहिले लक्ष्य म्हणजे घराभोवतीच्या चिमण्या. १९०६-०७ च्या सुमारास लिहिलेली या मुलाची एक टिपणवही पुढे प्रसिद्धीस आली. तबेल्याच्या भिंतीतील भोकात चिमणीने घरटे केले होते. मादी आत अंडी उबवत असे आणि नर बाहेर पहारा देत बसे. मुलाने उभ्या गाडीच्या आड लपून नराला टिपले. थोड्याच वेळात मादीने दुसरा जोडीदार मिळविला. त्यालाही टिपले, तर तिसरा हजर. अशा रीतीने सात दिवसांत एकाच जागी त्याने आठ नर मारले आणि दर वेळी नवा नर पहाऱ्यावर आला. हे सर्व त्या नऊ-दहा वर्षांच्या मुलाने तारीखवार लिहून ठेवले. त्यात शिकाऱ्याची फुशारकी आहे, तशीच निसर्गातील एका वर्तनाची नेमकी नोंदही आहे. मारणारा हात आणि पाहणारा डोळा या मुलात एकत्र नांदत होते. पुढे सारे आयुष्यभर त्यांपैकी कोणाचे पारडे जड होत गेले, याचीच कहाणी म्हणजे सलीम अलींचे चरित्र होय.

अशाच एका दिवशी त्याने टिपलेली एक चिमणी त्याला वेगळी वाटली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. अशी चिमणी खाण्यास धर्माने मुभा आहे की नाही, अशीही शंका त्याच्या बालमनाला पडली. मामांनाही पक्षी ओळखता आला नाही. मात्र ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. भारतीय सभासद तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. त्यांनी संस्थेचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्या नावे चिठ्ठी दिली आणि भाच्याला कागदाच्या पुडीतील त्या चिमणीसह फोर्टमध्ये पाठविले. गोऱ्या साहेबासमोर एकट्याने उभे राहण्याच्या कल्पनेने मुलगा धास्तावलेला होता. पण मिलार्ड यांनी त्याचे आपुलकीने स्वागत केले. ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी असल्याचे त्यांनी क्षणात सांगितले आणि एकामागून एक खण उघडून संस्थेच्या संग्रहातील पक्षी त्याच्यापुढे मांडले. भारतात इतक्या तऱ्हेचे पक्षी असतात, हे त्या दिवशी सलीमला प्रथमच कळले.

ज्या संस्थेच्या दारात हा मुलगा उभा होता, तिचा जन्मही या शहरातीलच. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईच्या आठ नागरिकांनी ती स्थापन केली. त्यांत प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि वनस्पतींचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन असे दोन मराठी डॉक्टर होते. संस्थेच्या सुरुवातीच्या सभा राणीच्या बागेच्या आवारातील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात भरत. संस्थेचे पहिले सचिव एडवर्ड हॅमिल्टन ऐटकेन हे साताऱ्यास जन्मलेले आणि कस्टम खात्यात नोकरी करणारे गृहस्थ होते. ‘एहा’ या टोपणनावाने ते लिहीत. मुंबईच्या बागांत, अंगणांत आणि कौलांवर सहज दिसणाऱ्या पक्ष्यांवर त्यांनी लिहिलेले छोटेखानी पुस्तक १९०० साली प्रसिद्ध झाले होते. मिलार्ड यांनी सलीमला वाचावयास दिलेल्या पुस्तकांत हे पुस्तक होते. पक्षी पाहण्यासाठी दूरच्या अरण्यात जावे लागत नाही, आपल्या घराच्या आवारातही ते भेटतात, हा पाठ त्यास इतक्या लवकर मिळाला. त्याच वेळी पक्ष्याची कातडी सोलून, पेंढा भरून तो टिकविण्याचे शिक्षणही मिलार्ड यांनी त्याला देऊ केले. त्या काळच्या पक्षिशास्त्राचा तोच राजमार्ग होता.

शाळेत मात्र सलीम चमकला नाही. तेराव्या वर्षापासून डोकेदुखीने त्यास ग्रासले. हवापालटासाठी त्याला सिंधमध्ये नातलगांकडे पाठवावे लागले. १९१३ मध्ये तो मॅट्रिक झाला तोही जेमतेम. महाविद्यालयाचे पहिले वर्ष जड गेले. तेव्हा ब्रह्मदेशातील तावॉय येथे कुटुंबाचा वोल्फ्राम खनिजाचा आणि लाकडाचा व्यवसाय होता, तेथे त्याची रवानगी झाली. खाणीच्या हिशेबापेक्षा भोवतालच्या दाट जंगलातच त्याचे मन अधिक रमले. १९१७ मध्ये मुंबईस परतल्यावर दावर्स कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेब शिकण्याचे ठरले. सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी या तरुणाची खरी ओढ ओळखली आणि प्राणिशास्त्र शिकण्याचा आग्रह धरला. एकीकडे जमाखर्च आणि दुसरीकडे प्राणिशास्त्र अशी त्याची दुहेरी कसरत काही काळ चालली. डिसेंबर १९१८ मध्ये तहमिना बेगम यांच्याशी त्यांचा विवाह झाला. नवे दांपत्य ब्रह्मदेशात गेले. पण तेथील व्यवसाय बुडाला आणि त्यांना रिकाम्या हाताने मुंबईस परतावे लागले.

आता पोट भरण्याचा प्रश्न उभा राहिला. पक्षी पाहण्याबद्दल पगार देणारी जागा भारतात जवळजवळ नव्हतीच. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेत पक्षितज्ज्ञाची एक जागा निघाली; परंतु विद्यापीठाची रीतसर पदवी नसल्यामुळे ती सलीम अलींना मिळाली नाही. १९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या निसर्गविज्ञान दालनात ‘गाइड लेक्चरर’ म्हणून दरमहा ३५० रुपयांवर त्यांची नेमणूक झाली. शाळकरी मुलांना काचेच्या कपाटातील प्राणिपक्ष्यांची माहिती सांगणे हे त्यांचे काम होते. दोन वर्षांत ते या कामाला कंटाळले. जिवंत पक्ष्यांचा शास्त्रीय अभ्यास कसा करावा, हे शिकण्याची त्यांना तळमळ लागली होती. १९२८ मध्ये त्यांनी रजा घेतली आणि बर्लिन गाठले.

बर्लिन विद्यापीठाच्या प्राणिसंग्रहालयात प्रा. एर्विन स्ट्रेझमान यांनी त्यांना शिष्य म्हणून स्वीकारले. सलीम अली त्यांना आयुष्यभर गुरुस्थानी मानीत. संग्रहालयातील मृत नमुन्यांच्या वर्गीकरणापुरते मर्यादित राहिलेले पक्षिशास्त्र जर्मनीत त्या काळी बदलत होते. पक्षी कसा जगतो, घरटे कोठे बांधतो, जोडीदार कसा निवडतो, ऋतू बदलताच कोठे जातो, या प्रश्नांना तेथे मान मिळू लागला होता. पक्ष्यांच्या वर्तनाचे अभ्यासक ओस्कार हाइनरोथ यांचा सहवास त्यांना लाभला. हेल्गोलँड बेटावरील वेधशाळेत पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवून त्यांचा प्रवास शोधण्याचे तंत्र त्यांनी पाहिले. पक्षी पकडून पुन्हा सोडून देता येतो आणि त्यातूनही विज्ञान पुढे जाते, ही दृष्टी घेऊन ते १९३० मध्ये मायदेशी परतले. येथे येऊन पाहतात, तर पैशाअभावी संग्रहालयाने त्यांची जागाच रद्द केली होती.

पस्तिशीच्या उंबरठ्यावर उभा असलेला, परदेशी शिक्षण घेतलेला आणि बेकार असा हा गृहस्थ पत्नीसह अलिबागनजीकच्या किहीम गावी जाऊन राहिला. समुद्रकाठचे हे शांत गाव कुटुंबाच्या परिचयाचे होते आणि तेथे राहणे मुंबईपेक्षा स्वस्तही होते. पावसाळ्यात घराच्या परिसरात सुगरण पक्ष्यांची वसाहत गजबजली. हाताशी दुसरे काम नव्हते. आडोसा करून सलीम अली तासन्‌तास त्यांच्याकडे पाहत बसू लागले. या बेकारीच्या दिवसांतूनच त्यांचे सर्वांत मौलिक संशोधन जन्मास आले.

बहिणाबाई चौधरींच्या कवितेमुळे सुगरणीचा खोपा मराठी घराघरांत माहीत झाला आहे. विणकाम करणारी ती माउलीच, अशी आपली भावना असते. प्रत्यक्षात खोपा विणतो तो नर. सलीम अलींना किहीमला असे दिसले की, नर एक खोपा अर्ध्यापर्यंत विणून थांबतो. मग माद्यांचा थवा येतो आणि प्रत्येक अर्धवट खोपा आत शिरून तपासतो. एखादा खोपा मादीला पसंत पडला की ती त्याचा ताबा घेते आणि त्या नराशी जोडी जमते. मग नर खोप्याचे उरलेले काम पूर्ण करतो. मादी अंडी उबवू लागली की तो जवळच दुसरा खोपा विणावयास घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहू लागतो. एकाच हंगामात एकामागून एक अशा अनेक जोड्या जमविण्याची ही रीत तोवर कोणी नीट उलगडली नव्हती. १९३१ मध्ये संस्थेच्या नियतकालिकात त्यांचा हा लेख प्रसिद्ध झाला आणि जाणकारांत सलीम अली हे नाव आदराने घेतले जाऊ लागले. खेतवाडीच्या तबेल्यातही त्यांनी एका मादीचे अनेक जोडीदार पाहिले होते; पण तेथे प्रत्येक निरीक्षणामागे एक पक्षी बळी पडला होता. किहीमला केवळ संयमाने पाहत बसल्याने त्याहून कितीतरी अधिक हाती लागले.

नोकरी मात्र अजूनही नव्हती. त्यांनी मग स्वतःच एक मार्ग काढला. संस्थानिकांनी केवळ प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च सोसावा, आपण मानधन न घेता त्यांच्या राज्यातील पक्ष्यांची पाहणी करून देऊ, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. हैदराबादपासून आरंभ झाला. त्यानंतर त्रावणकोर, कोचीन आणि इतर संस्थानांत पाहण्या झाल्या. तंबू, बैलगाडी, पायपीट आणि रात्री कंदिलाच्या उजेडात लिहिलेल्या नोंदी अशी ही वर्षे गेली. सुखवस्तू घरात वाढलेल्या तहमिना बेगम या मुक्कामांत त्यांच्यासोबत असत आणि छावणीचा संसार नेटका सांभाळीत. याच सुमारास भारतीय पक्ष्यांचे मान्यवर अभ्यासक ह्यू व्हिसलर यांच्या लेखनातील एक चूक सलीम अलींनी दाखवून दिली. ती भृंगराजाच्या शेपटीतील पिसांच्या रचनेविषयी होती. एका अनोळखी भारतीयाने आपली चूक काढावी, हे प्रथम व्हिसलर यांना रुचले नाही. त्यांनी संस्थेकडे नाराजीची पत्रे पाठविली. पण नमुने पुन्हा तपासल्यावर चूक त्यांनी मोकळेपणे मान्य केली आणि पुढे दोघांची गाढ मैत्री जमली.

१९३९ मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर तहमिना बेगम यांचे अकस्मात निधन झाले. एकवीस वर्षांचा सहवास संपला. मूलबाळ नव्हते. पक्ष्यांसाठी केलेल्या भ्रमंतीत आणि आर्थिक ओढाताणीत ज्या व्यक्तीने कधी तक्रार केली नाही, तीच निघून गेली. सलीम अलींनी पुन्हा विवाह केला नाही. वांद्र्याच्या पाली हिलवर बहीण कामू आणि मेहुणे हसन अली यांच्या घरी ते राहू लागले. त्या घराने त्यांना निवाऱ्याची चिंता उरू दिली नाही आणि त्यांनी स्वतःला पूर्णपणे कामात झोकून दिले.

या दुःखाच्या छायेतच १९४१ साल उजाडले. या वर्षी त्यांची दोन पुस्तके प्रसिद्ध झाली. हुमायून अब्दुलअली यांच्यासह लिहिलेले पहिले पुस्तक मुंबई आणि साष्टीच्या पक्ष्यांविषयी होते. नियतकालिकातून क्रमशः आलेल्या लेखांतून ते सिद्ध झाले होते. ज्या शहरात हा छंद लागला, त्याच शहराच्या पक्ष्यांची ही पद्धतशीर नोंदवही म्हणावी लागेल. दुसरे पुस्तक होते ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’. सामान्य वाचकासाठी लिहिलेल्या या पुस्तकात नेहमी आढळणाऱ्या पक्ष्यांची रंगीत चित्रे होती. प्रत्येक चित्राशेजारी आकार, खुणा, आढळ, सवयी आणि वीण यांची थोडक्यात माहिती होती. पक्ष्याचा आकार चिमणी, बुलबुल, साळुंकी, कावळा अशा ओळखीच्या पक्ष्यांच्या तुलनेत सांगितलेला असे. ज्याने शास्त्राचे एक पानही वाचलेले नाही, अशा माणसालाही दुरून दिसलेला पक्षी ओळखण्याची किल्ली त्यामुळे मिळाली. आता नाव कळण्यासाठी पक्षी हातात घेण्याची गरज उरली नाही. पंडित नेहरूंनी हे पुस्तक आपल्या कन्येला भेट दिले होते. इंदिरा गांधींना पक्ष्यांची गोडी लागली, तीत या पुस्तकाचा वाटा होता. त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघत राहिल्या आणि भारतातील कित्येक पक्षिनिरीक्षकांनी पहिला पक्षी याच पुस्तकाच्या आधारे ओळखला.

दुर्बीण आणि पुस्तक यांच्या जोडीला कॅमेरा आला, तो एका अनपेक्षित स्नेहातून. दुसऱ्या महायुद्धात जपानी फौजा सिंगापूरवर चालून आल्या, तेव्हा लोक वान थो हा तेथील धनाढ्य तरुण जहाजाने निसटला. वाटेत जहाज बॉम्बहल्ल्यात सापडले. तो गंभीर भाजला आणि काही काळ त्याची दृष्टीही गेली. बचावून तो भारतात आला आणि येथे त्याची सलीम अलींशी ओळख झाली. परत मिळालेल्या दृष्टीचे त्याने सोने केले. आडोशात तासन्‌तास बसून, पक्ष्याला बुजू न देता घरट्यावरील त्याचे जीवन टिपणारा तो आशियातील एक नामवंत पक्षिछायाचित्रकार ठरला. पुढे सिंगापूर आणि मलायातील चित्रपट व्यवसायाचा मोठा पसारा सांभाळीत असतानाही सलीम अलींसोबत भटकंती करण्यास तो भारतात येत असे आणि त्यांच्या मोहिमांना आर्थिक मदतही करीत असे. २० जून १९६४ रोजी तैवानमधील विमान अपघातात त्याचा अंत झाला. अशा सहप्रवाशामुळे एक गोष्ट स्पष्ट होत गेली. छायाचित्र हा पक्ष्याच्या अस्तित्वाचा आणि वर्तनाचा पुरावा असतो. तो मिळविण्यासाठी पक्ष्याचा जीव घ्यावा लागत नाही.

तथापि सलीम अलींना अहिंसेचा पुतळा म्हणून रंगविणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. शास्त्रीय संग्रहासाठी मोजके पक्षी मारणे त्यांनी कधीच गैर मानले नाही. पाहण्यांमध्ये त्यांनी स्वतः शेकडो नमुने गोळा केले. त्या संग्रहांशिवाय उपजाती, पिसांचे बदल आणि प्रदेशानुसार आढळणारे फरक समजले नसते, हे त्यांचे मत कायम होते. मौजेखातर होणारी कत्तल मात्र त्यांना असह्य होई. पक्षिप्रेमाच्या भाबड्या कल्पनांपेक्षा पुराव्यावर त्यांचा अधिक विश्वास होता. म्हणूनच पक्षी वाचवावयाचा तर त्याचे वसतिस्थान वाचविले पाहिजे, या निष्कर्षाप्रत ते आले आणि त्यासाठी सत्तेच्या दारात जाण्यास कचरले नाहीत.

स्वातंत्र्यानंतर इंग्रज सभासद मायदेशी गेले आणि सोसायटीची आर्थिक घडी विस्कटली. लहानपणी जेथे चिमणी घेऊन गेलो, ती संस्था बंद पडू द्यावयाची नाही, या निश्चयाने सलीम अलींनी तिची धुरा उचलली आणि पंडित नेहरूंकडून साहाय्य मिळविले. राजस्थानातील भरतपूरचा पाणथळ प्रदेश हा असाच दुसरा लढा. संस्थानिकांच्या आणि व्हाइसरॉयांच्या शिकारीचे हे प्रसिद्ध ठिकाण. १९३८ मध्ये लॉर्ड लिनलिथगो यांच्यासाठी झालेल्या एकाच शिकारीत तेथे ४,२७३ पक्षी मारले गेले होते. स्वातंत्र्यानंतर तलाव कोरडा करून जमीन शेतीला द्यावी, अशी मागणी पुढे आली. सलीम अलींनी नेहरूंना या जागेचे मोल पटवून दिले आणि पाणथळ वाचले. १९८५ मध्ये केवलादेव राष्ट्रीय उद्यान म्हणून त्याला जागतिक वारसास्थळाचा मान मिळाला. ज्या तलावावर बंदुकांचा धडाका चाले, तेथेच सोसायटीच्या कार्यकर्त्यांनी जाळ्यांत पक्षी पकडून, पायांत कडी अडकवून ते सोडण्यास प्रारंभ केला. कड्यावर मुंबईच्या संस्थेचे नाव कोरलेले असे. सैबेरियापर्यंत जाणाऱ्या बदकांनी या शहराचे नाव असे दूरदेशी नेले. हेल्गोलँडला पाहिलेले तंत्र त्यांनी तीस वर्षांनी भारतात रुजविले. या यशालाही मर्यादा होत्या. भरतपूरला हिवाळ्यात येणारे सैबेरियन क्रौंच २००२ नंतर तेथे दिसलेले नाहीत.

वयाच्या सत्तरीत माणसे निवृत्तीचे दिवस मोजतात. सलीम अलींनी त्या वयात आयुष्यातील सर्वांत मोठे लेखन पूर्ण केले. अमेरिकी पक्षितज्ज्ञ एस. डिलन रिप्ली यांच्यासह त्यांनी लिहिलेला भारत आणि पाकिस्तानातील पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. भारतीय उपखंडाच्या पक्षिशास्त्राचा तो पाया ठरला. केरळच्या सायलेंट व्हॅलीत धरण होऊ नये यासाठी झालेल्या आंदोलनात ऐंशी ओलांडलेल्या सलीम अलींनी आपले वजन खर्ची घातले. १९८४ मध्ये ते वर्षावन राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले.

मान्यताही भरभरून मिळाली. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण आणि १९८५ मध्ये राज्यसभेचे नामनियुक्त सदस्यत्व त्यांना लाभले. पदवी नसल्याने ज्यांना नोकरी नाकारली गेली होती, त्यांना विद्यापीठांनी सन्माननीय डॉक्टरेट देऊन गौरविले. १९७६ मध्ये वन्यजीव रक्षणासाठीचे जे. पॉल गेटी पारितोषिक मिळाले, तेव्हा त्या ५० हजार डॉलरच्या रकमेतून निसर्गसंवर्धनासाठी निधी उभारला गेला. राहणी अगदी साधी, वेळेबाबत कमालीचे काटेकोर आणि हलगर्जीपणावर तापट असा त्यांचा लौकिक होता. मोटारसायकल हा त्यांचा एकमेव चैनीचा शौक. १९५० मध्ये स्वीडनमधील आंतरराष्ट्रीय पक्षिशास्त्र परिषदेला जाताना त्यांनी आपली सनबीम मोटारसायकल बोटीवरून युरोपात नेली आणि चौपन्नाव्या वर्षी तिच्यावरून तेथे मनसोक्त भटकंती केली.

१९८५ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्यास त्यांनी नाव दिले ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’. खेतवाडीत छर्ऱ्याने पडलेली ती रानचिमणी जवळपास आठ दशके त्यांच्या मनातून गेली नव्हती. २० जून १९८७ रोजी, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी, कर्करोगाने मुंबईत त्यांचे निधन झाले. लोक वान थो यांच्या मृत्यूला त्याच दिवशी तेवीस वर्षे पूर्ण झाली होती.

गोव्यातील चोडण बेटावरचे पक्षी अभयारण्य, कोईमतूरची पक्षिविज्ञान संशोधन संस्था, पुण्यात मुळा-मुठेच्या काठची वनराई, छत्रपती संभाजीनगरचा सलीम अली सरोवर अशी त्यांच्या नावाची अनेक स्मारके आहेत. यांतील अखेरची दोन्ही भर शहरात आहेत आणि राडारोडा, सांडपाणी व बांधकामे यांच्या विळख्यापासून त्यांना जपण्यासाठी नागरिकांना वेळोवेळी झगडावे लागले आहे. महाराष्ट्रात दर वर्षी ५ नोव्हेंबर या मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनापासून १२ नोव्हेंबर या सलीम अलींच्या जन्मदिनापर्यंत पक्षी सप्ताह साजरा होतो. त्या आठवड्यात शाळेची मुले शिक्षकांसमवेत जवळच्या बागेत जातात. शिंपी, शिंजीर, दयाळ, हळद्या अशी नावे मोठ्याने उच्चारतात, वहीत लिहितात. खेतवाडीतील मुलाला हे ज्ञान मिळविण्यासाठी आधी एक चिमणी मारावी लागली होती. या मुलांना ते नुसते थांबून, मान वर करून पाहिल्याने मिळते. त्यांनी ज्या झाडाकडे मान वर केली आहे, ते झाड तेथे उभे राहिले पाहिजे, एवढी जबाबदारी मात्र आता शहरवासीयांची आहे.